मास्तरांच्या गाडीचं रबर

माझं शिक्षण चौथी. तरी नव्वद सालाच्या पुढची पाच-सहा वर्षं हुबळीत आमच्या गल्लीत मला विचारल्याशिवाय कुणी जुनी गाडी घेतली नाही. वकिलांनी नाही, बँकेतल्या साहेबांनीही नाही. सगळे मला न्यायला घरी यायचे.

गाडी किती चालली ते दाखवणाऱ्या मीटरवर माझा विश्वास नव्हता. त्याला कारण माझी स्वतःची पहिली व्हॅन. तारिहाळच्या कारखान्यांतला माल कोप्पीकर रोडच्या दुकानांत पोचवायला घेतली होती. मीटर चाळीस हजार दाखवत होतं आणि महिन्याभरात धूर असा की मागचे स्कूटरवाले आईवरून शिव्या द्यायचे. मग कळलं, मीटरची केबल काढून ड्रिलला लावतात आणि आकडा उलटा फिरवतात. एक चहा पिऊन होईपर्यंत गाडी तरुण होते.

तेव्हापासून मी आकड्याकडं बघायचं सोडलं आणि खाली वाकून पेडल बघायला लागलो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर रबर असतं, त्याला रेघा असतात. माणूस गाडी चालवील तशा त्या झिजतात. मीटर फिरवणारा खाली बघत नाही. हे मी स्वतः शोधून काढलं होतं आणि मला त्याचा गर्व होता, तो कशाला लपवू.

माझ्या धाकट्या भावाची गिरणी बंद पडली. दोन मुली, घरी दुसरं कुणी कमावणारं नाही. उणकलला तेव्हा नवी घरं होत होती. तिथल्या बारा पोरांची शाळेत ने-आण करायचं काम त्यानं ठरवून आणलं. अट एकच, शाळा उघडायच्या दिवशी व्हॅन दारात पाहिजे. पंधरा दिवस होते.

धारवाडला एक रिटायर मास्तर आपली व्हॅन विकणार असं कळलं. आम्ही बसनं गेलो. मास्तरांचं घर मराठी, बोलणं निम्मं कन्नड, आमच्याकडं सगळ्यांचं असतं तसंच. त्यांनी फाटकाच्या दगडाजवळ चपला काढल्या आणि गाडीत बसले. खालच्या चौकापर्यंत फिरवून आणलं. इंजिन गोड, धूर नाही, गिअर लोण्यासारखा. मीटरवर बासष्ट हजार.

मी वाकलो. रबराच्या रेघा कालच छापल्यासारख्या.

"मास्तर, रबर कधी बदललं?"

"कुठलं रबर?"

"पेडलचं."

"बदललं नाही. पहिलंच आहे."

"बासष्ट हजार चाललेल्या गाडीचं?"

"हौद री, हो. काय झालं?"

भावानं माझी बाही ओढली. "अण्णा, मी काय म्हणतो..."

"तम्मा, सुम्न कूड," मी म्हणालो. गप्प बस. मग मास्तरांना म्हटलं, "नवं रबर कोण घालतं ठाऊक आहे? ज्याला जुनं दाखवायचं नसतं तो."

मास्तर लाल झाले. "पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात माझी नोकरी सरली. आता तुम्हाला रबराचा दाखला देऊ? गाडी विकायची नाही मला. या."

"या" म्हणताना त्यांनी फाटक उघडून धरलं होतं. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून चिडले.

परतीच्या बसमध्ये भाऊ पुन्हा सुरू झाला. "अण्णा, ते मास्तर चपला..."

"सुम्न कूड म्हटलं ना? वाचवलं तुला मी आज."

तो खिडकीबाहेर बघत बसला तो हुबळीपर्यंत.

शाळा उघडायला चार दिवस राहिले तेव्हा हुबळीतच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं व्हॅन मिळाली. मीटर ऐंशी हजार. मी वाकून बघितलं, रबर ऐंशी हजाराला झिजावं तेवढंच झिजलेलं. मी पास केली. व्यापारी म्हणाला, "यजमान, तुमची नजर म्हणजे नजर." मला बरं वाटलं.

दिवाळीपर्यंत ती पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागली. एका सकाळी उणकलच्या तळ्याजवळच्या चढावर बंद पडली ती हललीच नाही. बारा पोरं रस्त्याच्या कडेला दप्तरं घेऊन उभी. ज्याला जमेल त्यानं स्कूटरवरून येऊन आपापलं पोर नेलं. आठवड्यात सगळ्यांनी दुसरी गाडी लावली.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि हसायलाच लागला.

"अण्णा, ही दीड लाखाच्या पुढं गेलेली आहे."

"मग रबर?"

"पहिलं रबर गुळगुळीत झालं असणार. हे भंगारातलं अर्धं झिजलेलं आणून बसवलंय. तुम्ही रबर बघता हे सगळ्या जुन्या बाजाराला ठाऊक आहे. तुमच्यासाठी म्हणून वेगळं ठेवतात."

मी त्याला म्हटलं, तू आपलं काम कर.

भाऊ तारिहाळला एका वर्कशॉपात शिफ्टवर लागला. त्याच्या मुली मोठ्या झाल्या, पण त्यानं पुन्हा गाडी घेतली नाही. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

मग गाड्याच बदलल्या. कार्ब्युरेटर गेलं. मीटरचे फिरणारे आकडे जाऊन घड्याळासारखे पेटणारे आले. लोक म्हणायला लागले, आता मीटर मागं नेता येत नाही. मी म्हणायचो, आता ड्रिल लागत नाही, लॅपटॉप लागतो, एवढाच फरक. पण मला न्यायला कुणी येईनासं झालं होतं.

अशात एका मंगळवारी धारवाडच्या आठवडी बाजारात मास्तर दिसले. खूप थकलेले. जवळ नवी छोटी कार. त्यांनी दार उघडलं, पाय बाहेर ठेवून बसले, हातानं चपला काढल्या, त्या एकमेकींवर आपटून धूळ झाडली आणि सीटखाली पेपरावर ठेवल्या. मग अनवाणी पाय पेडलवर ठेवून गाडी नेली.

मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभा. फाटकाचा दगड आठवला. अनवाणी पायाखाली रबर काय झिजणार?

तरी मला शंका. आजच काढल्या असतील, पाय सुजला असेल. म्हणून पुढच्या मंगळवारी मुद्दाम बसनं गेलो. त्याच्या पुढच्यालाही. तिन्ही वेळा तेच.

भावाला जाऊन सांगितलं, "ते मास्तर अनवाणी गाडी चालवतात."

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी बघितलं. दोनदा सांगायला गेलो."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं."

"तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर तू मला बसमधून उतरवलं असतंस, अण्णा."

तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. म्हटलं, चल, धारवाडला जायचंय.

चौथ्या मंगळवारी आम्ही दोघं त्या कारजवळ उभे राहिलो. मास्तर आले.

मी म्हणालो, "मास्तर, ते रबर खरं होतं."

त्यांनी चष्मा वर केला. "कुठलं रबर?"

तेव्हाही हेच विचारलं होतं त्यांनी. मग मला सगळं सांगावं लागलं. पेडल, बासष्ट हजार, मी काय बोललो, ते काय बोलले, शाळेची बारा पोरं, तळ्याजवळचा चढ. भर बाजारात, उभ्यानं. मध्ये मी थांबलो की ते म्हणायचे, "हं, मग?" शेवटी मी म्हणालो, "चूक माझी होती." असं मी कुणाला म्हटलेलं भावानं तोवर ऐकलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "बरं. ती गाडी पुतण्याला दिली. अजून चालते. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चपलेचा पाय कसा ठेवायचा?" आणि आत बसून चपला झाडायला लागले.

बसमध्ये मी भावाला म्हणालो, "खरंच विसरले होते म्हणतोस? की माझ्या तोंडून सगळं वदवून घेतलं? मास्तरच शेवटी. 'हं, मग' कसं म्हणत होते बघितलंस? सगळं आठवत होतं त्यांना. मला तर पहिल्यापासून..."

"अण्णा," भाऊ म्हणाला, "सुम्न कूड."

मी खिडकीबाहेर बघत बसलो, हुबळीपर्यंत.