मेलेल्या बाईचा पेपर

ज्यांच्यामुळे मी घरातला पहिला बी.ए. झालो, ते तुमसरच्या एका भातगिरणीतले मुनीमजी. आमच्या हौशी नाटकमंडळात ते पेटी वाजवत. एका विलायती संगीतिकेचं त्यांनी मराठी नाटक केलं, तिच्यातली माणसं वैनगंगेच्या काठी आणून बसवली आणि नायिका मला केलं. तालमीत माझा सूर हलला की पेटी न थांबवता म्हणत, "काहून रडून राहिला बे? तुह्या मरणाले अजून दोन अंक आहेत."

प्रयोग रविवारी दुपारी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भंडाऱ्याला माझा पेपर होता आणि शेवटची एस.टी. पाचला सुटायची. मी गात गात मेलो. गिरणीच्या हमालांनी वन्समोअर दिला, म्हणून रिवाजाप्रमाणे उठून पुन्हा मेलो. तिसऱ्यांदा मेलो तेव्हा पावणेपाच झाले होते, तरी लोक ऐकेनात.

मुनीमजींनी पेटीचा भाता मिटला आणि ते उभे राहिले.

"बाई मेली, बाप्पा. उद्या तिचा बी.ए.चा पेपर आहे. तिले जाऊ द्या."

मग त्याच हमालांनी मला लुगड्यासकट उचलून एस.टी.त बसवलं.

निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं: "आदरणीय मुनीमजी, पास झालो. पुढच्या नाटकात शेवटपर्यंत जगणारं काम द्यावं, ही नम्र विनंती."