धुळ्याचं आरमार

समुद्र नसलेल्या गावात आरमार शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. वर्गात पाऊल टाकलं की एखादा तयारच असतो! नव्वदच्या आसपास मी धुळ्याच्या एका कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवायचो. पेपरचं नाव भारदस्त: ‘आरमाराची ताकद, देशाच्या जबाबदाऱ्या आणि साधनसामग्री’. विद्यार्थी मोजके, आणि बहुतेकांनी समुद्र पाहिलेलाच नाही.

प्राचार्यांचा या पेपरवर भारी राग. “सर, तापीत पाणबुडी सोडायचीय का?” शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं, “यंदा बाहेरून परीक्षक येतायत. ते म्हणाले तर चालू ठेवू, नाहीतर बंद!” माझी झोप उडाली. पेपरबरोबर माझी नोकरीही जाणार होती.

*

मी शिकवत होतो, तीन जहाजं घेतली म्हणजे तिन्ही समुद्रावर नसतात, एखादं दुरुस्तीला असतंच. पोरांचे चेहरे कोरे. भडगावचा सुभाष उठला.

“सर, आमनाकडे दोन मोटरी शेतस. एक विहिरीवर, एक कायम रिवाइंडिंगले!”

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. माझं तासाभराचं लेक्चर तिथेच आटोपलं.

*

नकाशावर काड्यापेट्या मांडून आम्ही लढाई खेळायचो. एक पेटी म्हणजे एक जहाज. एकदा पश्चिम किनाऱ्यावर एक जहाज कमी भरलं. बाहेर शिपाई नाना स्टोव्ह पेटवत होते.

“नाना, आमचं जहाज नेलंत?”

“चहा पाहिजे का जहाज, ते एकदा ठरवा!”

आम्ही चहा घेतला. किनारा रामभरोसे!

*

हिवाळ्यात भरीत पार्टी ठरली. वांगी वर्गापुरतीच, आणि मी मोठेपणाने अख्ख्या स्टाफला आवतण देऊन बसलो. वांगी भाजून होईतो शेतात जत्रा! सुभाष माझ्या कानाशी लागला, “सर, जबाबदाऱ्या जास्त, साधनं कमी. हा आपला चौथा धडा ना?”

प्राचार्य उपाशी राहिले, ते वेगळंच.

*

तोंडी परीक्षेला परीक्षक आले. नौदलातून निवृत्त झालेले साहेब, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. शेजारी प्राचार्य खुशीत. शेवटी शिंदखेड्याकडची माझी विद्यार्थिनी कल्पना आत आली.

“समजा, दोन्ही बाजूंना किनारा आहे, जहाजं थोडी, पैसा कमी. आधी काय कराल?”

उत्तर मी सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं: आधी डागडुजी, मग तळ, मग नवी बांधणी. पण कल्पना घाबरली की अहिराणीत शिरायची. ती घाबरलीच.

“साहेब, आमना आबानं चारी बांधवर भांडण शे. घरमा मानसं तीनच. रातभर राखण, दिनभर झोप. शेत तसंच पडेल शे!”

प्राचार्य हसले. मी डोळे मिटून घेतले.

“ते ठीक. पण आरमाराचं काय?”

“पहिले कोनासंगे भांडानं नही, ते ठरवसू.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि प्राचार्यांकडे वळले.

“पेपर चालूच ठेवा. आणि या मुलीला चार दिवस दिल्लीला शिकवायला पाठवता येईल?”