मामांच्या रिपोर्टातलं प्रोटीन

मामांच्या रिपोर्टातल्या त्या प्रोटीनचं नाव घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, एका मामांना सोडून. त्यांना आम्ही कावीळ झालीय असं सांगितलं होतं.

भूकंपात आमचं घर पडलं, शाळाही पडली. शाळा पुन्हा उभी राहिली. मी काही परत गेलो नाही. सातवीतच सुटलं. मामांनी मला अहमदपूरला आणलं, त्यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात बसवलं, तांब्याची तार भरायला शिकवलं. त्याच जोरावर मी सुरतेत पोट भरतो. म्हणून अक्काचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला तसा हातातली मोटार उघडी टाकून निघालो.

नांदेडच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं : स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही, केमो याच आठवड्यात सुरू करा.

अक्का म्हणाली, "सरांना दाखवल्याबिगर कायबी करायचं न्हाई."

सर म्हणजे लातूरचे बायोलॉजीचे क्लासवाले. त्यांच्या क्लासमुळं अक्काची पोरगी डॉक्टरकीला लागली, तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. अहमदपूरहून नांदेड एका अंगाला, लातूर दुसऱ्या. दवाखाना एका अंगाला सोडून मी आणि अक्का दुसऱ्या अंगाला क्लासमध्ये जाऊन बसलो. तिथं आईबापांची रांग. एकानं मला विचारलं, "तुमचा पोरगा रिपीटर का? परत परीक्षेला बसणारा?"

"हाव," म्हटलं, "सातवीचा."

सरांनी रिपोर्टाच्या पाठीमागं चित्र काढलं. पेशीच्या आतल्या काठाला हे प्रोटीन असतं. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ते चालू होतं, निरोप आत पोचवतं आणि बंद होतं. मामांच्या गाठीत ते बिघडलंय, बंदच होत नाही. निरोप नसला तरी पेशी वाढतच राहतात. "यावर प्रश्न हमखास येतो," सर सवयीनं बोलून गेले आणि ओशाळले. "मी शिकवतो हो फक्त. इलाजाचं डॉक्टरांचं ऐका. या प्रोटीनवर औषधं निघून राहिलीत, पण अजून चाचणीत आहेत."

अक्कानं त्यातलं 'औषधं निघून राहिलीत' एवढंच ऐकलं. "मग थांबू की. केमोचे हाल कशाला? गोळीच देऊ." मी सांगून दमलो. माझं कोण ऐकतंय! अक्काचा पोरीला फोन, तिच्या मैत्रिणीला फोन, परत सरांना फोन. असे चार दिवस गेले. मामांचा पायजमा कमरेवर ठरेना.

पाचव्या दिवशी तो कागद मामांच्याच हाती लागला. छापील बाजू इंग्रजी, ती त्यांनी सोडली. पाठीमागचं चित्र मात्र चष्मा लावून न्याहाळलं.

"भाच्या, हे सर्किट कशाचं रे? 'बंद'वर फुली का मारली?"

अक्कानं मला डोळे वटारले. मी पार वैतागलो होतो.

"तुमच्या पोटातला स्टार्टर हाय मामा. कॉन्टॅक्ट चिकटलेत, बंदचं लाल बटन दाबलं तरी सुटंना. कावीळ न्हाई. कॅन्सर हाय."

"तुला काय कळतं रे! सातवीत शाळा सोडलेला!" अक्का ओरडली, आणि रडायलाच लागली.

मामांचं लक्ष कागदावरच. "म्हंजे मोटार चालूच हाय. आन् तुम्ही काय करून राहिलाव?"

"नव्या गोळीची वाट बघून राहिलोत. ती अजून निघायची हाय."

"स्टार्टर चिकटल्यावर गिऱ्हाइकाला मी काय सांगत होतो? नवा पार्ट येईस्तोवर मोटार चालू दे म्हणून?"

"न्हाई. आधी फ्यूज काढ म्हणून."

"मग नांदेडला फ्यूज निघतो का?"

या माणसाशी मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो. पाच दिवस तेवढंच करत होतो.

"न्हाई निघत, मामा. डॉक्टर म्हणाले, हळू होईल. थांबणार न्हाई. अंगाला तरास बी लई होईल."

मामांनी चष्मा काढून कागदाची घडी घातली. "हळू तर हळू," ते म्हणाले. मग माझ्यावरच खेकसले, "एवढं सांगायला पाच दिस लागतेत? हेच शिकवलं का तुला?"

स्टँडवर अक्कानं लातूरच्या गाडीकडं एकदा बघितलं. मामा तोवर दुसऱ्या गाडीत चढून खिडकीशी बसले होते, कागद खिशात घालून. कंडक्टर आला. आम्ही तोंड उघडायच्या आत मामाच बोलले, "तीन नांदेड."