चांदणीच्या जंताचं औषध

हसणार नसाल तर सांगतो. शिकल्यासवरल्या माणसानं असा घोळ घालावा? पण घातला ना!

लातूरला मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण लोकांच्या मनातली भीती गेली नव्हती. शेजारच्या करीमचाचांकडे वरातीची घोडी होती, चांदणी. घोडी कसली, तट्टूच! नवरदेवाचे पाय जमिनीला टेकायचे. तिला जंत झाले. चाचा औषधाची नळी घेऊन आले.

"सर, वाचून सांगा, कितीक द्यायचं?"

वाचायला वेळ कोणाला? "सगळं देऊ, चाचा. जास्त दिलं की लवकर गुण येतो." आणि अख्खी नळी मीच तिच्या तोंडात दाबली!

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर चांदणी भिंतीला कपाळ टेकून उभी. ओठ लोंबलेला, पाय थरथरताहेत. डोळे सताड उघडे, काळेभोर. डोळ्यावर माशी बसली तरी पापणी हलेना!

समोरच्या सुलोचनाबाई किंचाळल्या, "अगं बाई! भूकंपाच्या आधी आमची म्हैस अशीच करून राहिली होती!"

झालं! घरं रिकामी, क्लास रिकामा, सगळे मैदानात. सर्वांत पुढं कोण? मी, अनवाणी! सगळे पायाखालच्या जमिनीकडं बघत बसलेले.

चाचा तेवढे आले नाहीत. "हिला सोडून कुठं जाऊ, सर? हिच्यावरच घर चालतंय माझं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन गुरांचे डॉक्टर आणले.

"ही नळी मोठ्या घोड्याची हाय. या तट्टाला सगळी दिली?"

"हाव."

"अहो, वजन बघून द्यायचं असतंय! जहर झालं ना हे! तिला दिसून न्हाई राहिलं. याला उतारा न्हाई. सलाईन लावू. अंधार पायजे, आवाज नको. वाचली तर नशीब."

अंधारी, शांत खोली एकच, आमचा क्लास. पडदे ओढले, गवत पसरलं, सलाईन पंख्याच्या हुकाला टांगली. चाचा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी मैदानात जाऊन खरं काय ते सांगितलं आणि पोटभर शिव्या खाल्ल्या.

काही दिवसांनी चाचांनी गाजर पुढं केलं, तर चांदणीनं मान वळवून ते बरोबर पकडलं! चाचा रडले. मीही रडलो.

क्लास पुन्हा भरला. बुडालेला अभ्यास भरून काढायला नको? मी जाहीर केलं, "उद्यापासून पहाटे जादा तास, संध्याकाळी जादा पेपर!"

सगळी पोरं माझ्याकडं बघताहेत, डोळे सताड उघडे, एकाचीही पापणी हलेना. मला दरदरून घाम फुटला.

मागच्या बाकावरून एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, या वेळी तरी आधी आमचं वजन बघा की!"