माहूरचा तांबूल, नांदेडात कुटलेला

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तुम्हा दोघा नातवंडांना तिकडे परदेशातही आठवत असतील. त्यांना एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला, नवरा गेला, त्या राहिल्या. हे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "परदेशात खुशाल सांगा. गल्लीत सांगू नका."

गल्लीत न सांगण्याचं कारण त्यांची घरमालकीण. सत्तरीची, बोलकी, मनाने वाईट नाही. पण एका भाडेकरूला क्षय आहे असं कळताच तिने त्याचं सामान स्वतःच्या हातांनी ओट्यावर आणून ठेवलं होतं. मावशींना डोक्यावर छप्पर म्हणून तीच एक खोली आहे.

या रोगाचं औषध सरकार फुकट देतं. रोज गोळी घेत राहिलं तर माणूस तुमच्या-माझ्यासारखा जगतो. नांदेडातही ते मिळतं, पण इथल्या रांगेत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून मावशींनी लातूरच्या केंद्रात नाव घातलं. महिन्यातून एक दिवस पहाटेची एसटी, संध्याकाळी परत. पहिल्याच महिन्यात घरमालकिणीने विचारलं, "कुठं निघालीस गं?" आणि मावशी बोलून गेल्या, "माहूरला. देवीचा नवस हाय."

माहूर नेमकं उलट दिशेला. तेही निभलं असतं, पण माहूरहून येणाऱ्याने देवीचा प्रसाद आणायलाच हवा, आणि तिथला प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेला विडा. त्या संध्याकाळी मावशी माझ्या दारात उभ्या. "आजी, खायची पानं हायत का घरात?"

तेव्हापासून दर महिन्याला मी खलबत्ता घेऊन बसू लागले. चव बदलू नये म्हणून कृती वहीत लिहून ठेवली. पानं, कात, गुलकंद, भरपूर बडीशेप. सुपारी नाही, कारण कुटणारं मनगट माझं होतं. घरमालकीण तो तांबूल कपाळाला लावून तोंडात टाकायची आणि म्हणायची, "गुडघा दुखायचा थांबला बघ." मला दोन दिवस तिच्याकडे बघवायचं नाही.

मग सरकारने एक दयाळूपणा केला. मावशींचे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दर महिन्याला हेलपाटा नको, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम न्या. मावशी खूश. डबे माझ्या फडताळात डाळींच्या मागे ठेवले. पुढचा महिना उलटला आणि घरमालकिणीने त्यांना नळावर गाठलं.

"कामून गं, ह्या महिन्याला माहूर न्हाई? गरज सरली का देवीची?"

"जाईन की."

"जाईन न्हाई, चल. बायांना अर्धं तिकीट हाय. मी बी येते."

मावशी जन्मात माहूरला गेल्या नव्हत्या. मी एकदा गेले होते, म्हणून मीही निघाले.

"तू दर महिन्याला येतीस, तू म्होरं चाल," घरमालकीण बसमधून उतरताच म्हणाली. मावशी पुढे चालल्या, फारच आत्मविश्वासाने, आणि एका भक्तनिवासाच्या मोरीत जाऊन थांबल्या.

"इथं काय?"

"पाय धुवायचे असत्यात आधी."

आम्ही तिघींनी पाय धुतले. तिथून पुढे मी छत्रीच्या टोकाने वाट दाखवत गेले, जणू छत्रीच तशी वळते.

दर्शन नीट झालं. खाली उतरल्यावर घरमालकिणीने दुकानातून तांबूल घेतला, तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

"हे त्ये न्हाई."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी छत्रीची मूठ न्याहाळू लागले.

"तू आणतीस त्यात सुपारी नसती. बडीशेप लई असती. खरं सांग, कुठून आणतीस?"

 मावशी म्हणाल्या, "तुम्हाला दात हायत का? घरी नेऊन सुपारी येचून काढते मी. आन् बडीशेप घालून परत कुटते."

 घरमालकीण पदराने डोळे पुसून म्हणाली, "माझ्या सुनंला सुचलं न्हाई कधी." आणि तिथेच, दुकानदारासमोर, तिने जाहीर केलं की ती जिवंत आहे तोवर मावशींना खोलीतून कोणी उठवणार नाही. "आता दर महिन्याला आपून दोघी येऊ."

परतीच्या बसमध्ये ती पुढे बसली. मागच्या सीटवर मावशी हळूच म्हणाल्या, "आजी, आता सांगून टाकू का? रडली बिचारी."

लोकांनी लपवाछपवी करू नये, यावर मी अनेकदा भाषण दिलं आहे. त्या दिवशी मला ओट्यावरचं ते सामान आठवलं. "तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले.

त्या अर्धापूरपर्यंत विचार करत होत्या. मग उठल्या, पुढे जाऊन घरमालकिणीशेजारी बसल्या आणि सांगितलं: दोन महिने दोघींनी मिळून माहूर करायचं, पण तिसऱ्या महिन्याची वारी आपली एकटीची, त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत मौन असतं. सोबत यायचं असेल तर तिलाही तोंड उघडता येणार नाही.

"दिवसभर?" घरमालकिणीने विचारलं.

"दिवसभर."

"मग तुझी तूच जा, माय," ती म्हणाली, आणि नांदेड येईपर्यंत बोलत राहिली.