नणंद जोडते, भावजय मोडते

पाइपांच्या कारखान्यात तिला सगळे 'मोडवहिनी' म्हणायचे. कामच तसं होतं तिचं: पाइपाचा जोड पक्का आहे का, ते मोडून बघायचं. तयार पाइपाच्या टोकाचं चार बोटं रुंद कडं कापायचं, जोडाची रेघ बरोबर कडेला येईल असं प्रेसखाली ठेवायचं आणि चपटं करायचं. जोड चिरला, तर माल बाद. या कामात तिचा जीव रमायचा.

गंमत म्हणजे तो जोड करणाऱ्या मशीनवर होती तिची सख्खी नणंद. पोलादाची पट्टी गोल वळायची, तिच्या तापलेल्या कडा दाबून एकजीव व्हायच्या, मग तो जोड पुन्हा तापवून वाऱ्यावर निववायचा आणि शेवटी पाण्याखाली न्यायचा. नणंदेला त्याचा कोण अभिमान!

एके दिवशी मात्र सकाळपासून एकेक कडं जोडावरच ताडकन फुटायला लागलं. नणंद तणतणत आली.

"वहिनी, घरचा राग इथे काढताय का?"

"त्याला प्रेस कशाला हवी, वन्सं? घरी तुमचा भाऊ आहे की!"

आजूबाजूचे खो खो हसले. नणंदेलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं. वहिनीनं फुटलेलं कडं तिच्या हातात दिलं. "हे बघा, जोड सुटलेला नाही. काचेसारखा तडकलाय. फार कडक झालाय."

नणंदेनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! काम लवकर उरकावं म्हणून आज मी वेग वाढवलाय. निवायला वेळच मिळत नसणार. लालबुंद जोड थेट पाण्यात!"

दोघी धावतच मशीनकडे गेल्या. खरंच, पाण्याखाली शिरताना जोड अजून लाल होता. नणंदेनं वेग उतरवला. सकाळचा माल बाजूला काढला.

नवं कडं प्रेसखाली गेलं, तेव्हा भोवती ही गर्दी. नणंदेनं डोळे गच्च मिटले. कडं वाकलं, दबलं, आतल्या भिंती एकमेकींना टेकल्या. जोडावर केसाएवढी चीर नाही!

"वन्सं, डोळे उघडा. पास झालात."

नणंदेनं तेलकट हातांनी तिला घट्ट मिठी मारली. "अजून एक दाबा ना, वहिनी!"

एकाची तीन झाली. शेवटी साहेब हात जोडून म्हणाले, "बायांनो, विकायलाही थोडा पाइप राहू द्या!"