जाऊबाईंच्या कपात मैदा किती

मोठ्या जाऊबाईंचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आमची घरचीच बेकरी. पुढे दुकान, मागे भट्टी आणि मधल्या खोलीत मळायचं टेबल. त्या टेबलाशी वीस वर्षं त्याच. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. कान तुटलेला एक चहाचा कप घ्यायचा, मैदा इतके कप, साखर तितके कप, की झालं काम. बिस्किटं मात्र तोंडात विरघळायची. मी आपली ट्रे घासायची आणि आतल्या आत जळायची. खोटं कशाला बोलू?

मग एका शाळेच्या कॅन्टीनची रोजची ऑर्डर आली. सासरे मला म्हणाले, "एवढं काम कपाने मोजत बसून होणार नाही. तू शिकलेली आहेस, सगळं ग्रॅममध्ये लिहून काढ. जमलं तर टेबल तुझं. मोठीचे पाय सुजतात, तिला दुकानात बसवू."

मला आकाश ठेंगणं झालं. जाऊबाईंना विचारायचं? मेले तरी नाही. त्या बाजारात गेल्या तेवढ्यात मी कप पोत्यात खुपसला, गच्च भरला, वरून हात फिरवला आणि मैदा काट्यावर ओतला. दीडशे ग्रॅम. साखरेचा कप दोनशे. तक्ता केला, भिंतीला चिकटवला, खाली सहीसुद्धा ठोकली.

पहिला ट्रे निघाला आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. बिस्किटं कसली, फरशीचे तुकडे. नवरा म्हणाला, "दात प्यारे असतील त्याने चहात बुडवून खावं." सासरे एवढंच म्हणाले, "उद्या एकदा बघू. नाहीतर ट्रे आहेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पुसायच्या निमित्ताने जाऊबाईंवर डोळा ठेवला. त्या कप पोत्यात घालतच नव्हत्या. आधी चमच्याने मैदा हलवून मोकळा करायचा, मग चमच्यानेच हलकेच कपात सोडायचा, आणि सुरीच्या पाठीने सपाट करायचा. दाबायचं नाव नाही. इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं, कारण बघायला जीवच व्हायचा नाही.

त्यांनी मान वर केली. भरलेला कप माझ्या काट्यावर रिकामा केला. "घे, मोज. दहा वेळा मोज."

एकशेवीस. एकशेएकवीस. पुन्हा एकशेवीस. दहाही वेळा दोन ग्रॅमच्या वर फरक नाही. साखर मात्र त्यांच्या हातूनही दोनशेच भरली. ती काही दाबली जात नाही.

"काल विचारलं असतंस तर कालच सांगितलं असतं गं," त्या म्हणाल्या आणि पाय चोळत स्टुलावर बसल्या. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तक्ता बदलला. टेबल मला मिळालं. जाऊबाई दुकानात बसल्या. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या बाई आल्या, बिस्किट तोडून खाल्लं आणि म्हणाल्या, "वा! तुमच्या हाताला तोड नाही."

"अहो, मी नाही, हिने केलीत," जाऊबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई हसल्या. "असं होय? मला वाटलं तुमचीच."

तेव्हापासून एक ग्रॅम चुकत नाही माझा. आणि जितकं अचूक मोजते, तितकं त्यांचंच होतं.